कंबर दुखते म्हणजे कंबर मोडली असे नव्हे



वस्तीतल्या कोणत्याही घरात डोकावले तरी कंबर, मान नाहीतर गुडघा, यांपैकी एक तरी दुखणे तिथे असतेच. धुणीभांडी करणाऱ्या ताई, सफाईच्या कामावरचे दादा, बांधकामावर घमेली वाहणारी जोडपी, दिवसभर रिक्षा चालवणारी मुले, शिलाई यंत्रावर वाकून बसणाऱ्या मावशी, या सगळ्यांचे भांडवल एकच, ते म्हणजे स्वतःचे शरीर. कंबर धरली की खाडा पडतो आणि खाडा पडला की मजुरी बुडते. म्हणून दुखण्याबद्दल नीट माहिती असणे ही आपल्याकडे चैन नाही, गरज आहे.

कंबरदुखी काही एकट्या आपल्या वस्तीची नाही. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. माणसाला अडवून ठेवणाऱ्या, कामातून उठवणाऱ्या आजारांत ती जगात पहिल्या क्रमांकावर आहे. तरीही तिच्याविषयी जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच दुसऱ्या आजाराविषयी असतील.

दवाखान्यात आपल्या माणसांना साधारण दोन प्रकारची वाक्ये ऐकावी लागतात. एक, "काही नाही हो मावशी, कामाचे अंग आहे, दुखणारच." दुसरे, "तुमच्या मणक्यात गॅप आहे, यापुढे वजन उचलायचे नाही." पहिल्या वाक्यात दुखणे खोटे ठरते. दुसऱ्या वाक्यात माणूस कायमचा मोडका ठरतो. बहुतेक वेळा ही दोन्ही वाक्ये चुकीची असतात. ती का चुकीची, ते या महिन्याच्या आरोग्य पानावर आपण समजून घेऊ.

वेदना तयार कशी होते?

चटका लागला किंवा काटा रुतला की तिथल्या नसा धोक्याचा निरोप पाठवतात. तो पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत येतो आणि तिथून मेंदूकडे जातो. इथपर्यंत तो फक्त निरोप असतो. मेंदू त्या निरोपाबरोबर आणखी बऱ्याच गोष्टी जमेस धरतो. डोळ्यांना काय दिसते आहे, मागे असे झाले तेव्हा काय झाले होते, भीती किती आहे, झोप पुरी झाली आहे की नाही, या सगळ्यांचा त्यात हिशेब असतो. शरीराला वाचवायला हवे असे मेंदूने ठरवले की आपल्याला दुखते. हे आपण जाणूनबुजून करत नाही. भूक लागते, घाम येतो, तसेच हेही आपोआप घडते.

म्हणजे वेदना ही शरीराची राखणदार आहे. ती जखम मोजणारा तराजू नाही. या एका वाक्यावर आजचा सगळा धडा उभा आहे. दोन खऱ्या घटना पाहू.

१९९५ साली ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात २९ वर्षांच्या एका बांधकाम मजुराची हकीकत छापून आली. त्याने वरून उडी मारली आणि १५ सेंटीमीटर लांबीचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. खिळा जरा हलला तरी तो कळवळत होता. डॉक्टरांना त्याला गुंगीचे आणि जबर वेदनाशामक औषध द्यावे लागले. बूट काढल्यावर दिसले की खिळा पायाच्या दोन बोटांच्या मधून गेला होता. पायाला ओरखडाही नव्हता. तो नाटक करत होता का? मुळीच नाही. डोळ्यांना खिळा आरपार दिसत होता, मेंदूने धोका ओळखला, आणि वेदना खरीखुरी झाली. जखम मात्र नव्हती.

दुसरी घटना उलटी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीतील अँझिओ येथे हेन्री बीचर हे अमेरिकन डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करत होते. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना त्यांनी विचारले, वेदना थांबवायला औषध हवे का? सुमारे तीन चतुर्थांश सैनिक नको म्हणाले. त्यांच्या नसा बधिर झाल्या होत्या असे नाही, कारण सुई नीट टोचली गेली नाही तर हेच सैनिक तक्रार करत. बीचर यांनी याचा अर्थ असा लावला की, त्या सैनिकांसाठी जखम म्हणजे रणांगणातून सुटका होती. जीव वाचला होता. म्हणून एवढी मोठी जखम असूनही वेदना कमी होती.

जखम नसताना वेदना आणि जखम असताना वेदना नाही, हे दोन्ही होऊ शकते. ताज्या जखमेत दोन्ही बहुधा बरोबर असतात. पण दुखणे जितके जुने होते तितका वेदनेचा आणि मोडतोडीचा संबंध सैल होत जातो.

लेकरू पडले की आई गुडघा चोळते, फुंकर घालते, आणि रडणे थांबते. यामागेही शास्त्र आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले की मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. स्पर्शाचे निरोप आले की ते फाटक थोडे लोटले जाते आणि वेदनेचे निरोप कमी पुढे जातात. मेंदूही वरून हे फाटक उघडू किंवा लोटू शकतो. पुढे या मांडणीच्या तपशिलात बदल झाले, पण वेदनेचा निरोप वाटेतच कमी-जास्त होतो ही मूळ गोष्ट टिकली.

आता कंबरदुखीबद्दलचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज पहिला : "एमआरआयमध्ये गॅप आला, आता कंबर गेली"

दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. वय वाढते तसे तिच्यातील पाणी कमी होते, ती थोडी बसते, थोडी फुगते. रिपोर्टमध्ये 'डिजनरेशन' लिहिलेले असते ते याला, आणि 'बल्ज' म्हणजे फुगवटा. शब्द ऐकून धडकी भरते. पण अशा खुणा ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा माणसांतही सर्रास सापडतात.

२०१५ साली ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात कंबरदुखी नसलेल्या ३,११० माणसांचे फोटो तपासले होते. विशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या दर १०० जणांत ३७ जणांच्या चकत्यांची झीज दिसली. पन्नाशीत हे प्रमाण १०० पैकी ८० होते आणि ऐंशीव्या वर्षी ९६. चकतीचा फुगवटाही विशीत १०० पैकी ३० जणांत आणि पन्नाशीत ६० जणांत दिसला. आणि यांपैकी कुणाचीही कंबर दुखत नव्हती!

म्हणजे केस पिकतात, कातडीला सुरकुत्या पडतात, तशा या आतल्या सुरकुत्या आहेत. रिपोर्टमध्ये गॅप दिसला म्हणून दुखण्याचे कारण तोच, असे आपोआप सिद्ध होत नाही. खरोखर सरकलेली चकती नसेवर दाबते तेव्हा पायात कळ उतरते. अशा चकतीचा बाहेर आलेला भागही पुष्कळ जणांत काही महिन्यांत शरीर स्वतःच शोषून घेते. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही.

मग एमआरआय कधी करायचा? धोक्याच्या खुणा असतील तेव्हा, पायातली ताकद कमी होत असेल तेव्हा, किंवा ऑपरेशनचा विचार असेल तेव्हा. नुसती कंबर दुखते म्हणून पहिल्याच आठवड्यात कर्ज काढून एमआरआय करू नये. डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारावे, "डॉक्टरसाहेब, या तपासणीने माझ्या उपचारात काय फरक पडेल?" हा प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे.

गैरसमज दुसरा : "दुखते तोवर पडून राहा"

पूर्वी डॉक्टरही हेच सांगत. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुकतीच कंबर धरलेल्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एका गटाला दोन दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितले. दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम दिले. तिसऱ्याला सांगितले, दुखणे सोसवेल तितकी रोजची हालचाल चालू ठेवा. सर्वांत चांगली सुधारणा या तिसऱ्या गटात झाली. पडून राहिलेले सर्वांत सावकाश बरे झाले.

कारण सोपे आहे. पडून राहिल्याने स्नायू ढिले पडतात, सांधे आखडतात आणि "आपल्याला काहीतरी भयंकर झाले आहे" ही भीती पक्की होते. हाडे, स्नायू आणि चकत्या वापरल्याने मजबूत राहतात.

पण इथे एक खुलासा करायला हवा. हालचाल चालू ठेवा म्हणजे दुसऱ्याच दिवशी ५० किलोचे सिमेंटचे पोते उचला असा अर्थ कुणी काढू नये. मुकादमाला हा लेख दाखवून कुणी तसा अर्थ काढला तर त्याला हा परिच्छेदही वाचायला सांगावा. चालणे, उठणे-बसणे, घरातली हलकी कामे चालू ठेवावीत आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवावे.

गैरसमज तिसरा : "पायाळूने पाय लावला आणि उसण गेली"

उसण भरली की पायाळू माणसाला शोधून त्याचा पाय कंबरेला लावून घ्यायचा, ही समजूत अजूनही आहे. कुणी बिब्बा घालते, कुणी डाग देते, कुणी वाकवून "नस बसवते". आणि माणसे खरोखर सांगतात की बरे वाटले.

बरे वाटले हे खरे असते, कारण मात्र वेगळे असते. अचानक धरलेली कंबर बहुतेकांत काही दिवसांत ते सहा आठवड्यांत आपोआप बरीच उतरते. माणूस उपाय शोधायला निघतो तो दुखणे सर्वांत जास्त असताना. त्यानंतर ते उतरणीलाच लागणार असते. त्या वेळी जो कुणी हात लावेल त्याच्या नावावर श्रेय जमा होते. जन्माच्या वेळी आधी पाय बाहेर आले की डोके, याचा दुसऱ्याच्या कंबरेशी काहीही संबंध नाही.

पायाळूच्या पायाने निदान मोठी इजा होत नाही. बिब्ब्याने मात्र कातडी भाजते, फोड येतात, जखम चिघळते. डाग दिल्याने तर भाजल्याचीच जखम होते. मधुमेह असेल तर ती लवकर भरत नाही. जोराने मान किंवा कंबर मोडणाऱ्याकडे जाऊ नये. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि हलक्या हाताने चोळणे यांना हरकत नाही. मघाशी सांगितलेल्या फाटकाला त्याने मदतच होते.

गैरसमज चौथा : "सुई मारली, सलाईन लावली की आजार गेला"

सलाईन म्हणजे मीठ-पाणी. तिच्यात ताकद नसते आणि वेदना घालवणारे काहीही नसते. वेदनाशामक सुई काही तासांचा आराम देते. गोळीनेही बहुधा तेच काम होते, कमी पैशांत.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या थोडे दिवस, जेवल्यानंतर, डॉक्टरांच्या सांगण्याने घ्यायला हरकत नाही. पण मेडिकलमधून रोज दोन गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाणे धोक्याचे आहे. पोटात व्रण होतो, रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. मूत्रपिंडाचा, हृदयाचा आजार, पूर्वी पोटात व्रण किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत औषध एकच असू शकते, म्हणून पाकिटावरचे बारीक अक्षर मुलांकडून वाचून घ्यावे.

नाव-पत्ता नसलेली "वाताची पुडी" कधीही घेऊ नये. अशा पुड्यांत लपवून स्टेरॉइड मिसळल्याचे आढळलेले आहे. त्याने दोन दिवसांत उड्या माराव्यात इतके बरे वाटते, आणि काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. फार दिवस घेतलेली अशी पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे असते. ती पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवावी.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यात कंबरेचा पट्टा, वजन लावून कंबर ताणणे, आणि अफूच्या जातीची वेदनाशामक औषधे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असे म्हटले आहे. माणसाला नीट माहिती देणे, व्यायाम आणि मनाला आधार देणारे उपचार यांची शिफारस केली आहे. यांतल्या बहुतेक गोष्टींना यंत्र लागत नाही आणि फार पैसेही लागत नाहीत.

गैरसमज पाचवा : "हे सगळे मनाचे खेळ" आणि "कष्टाच्या अंगाला दुखत नाही"

वेदना मेंदूत तयार होते असे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे आमची आई उगाच कण्हते? नाही. प्रत्येकच वेदना मेंदूत तयार होते, मोडलेल्या हाडाचीसुद्धा. म्हणून ती खोटी ठरत नाही.

जुने दुखणे समजण्यासाठी गल्लीतल्या कुत्र्याचे उदाहरण घ्या. गल्लीत एकदा चोरी झाली की कुत्रे नंतर दूधवाल्यावर, पेपरवाल्यावरही भुंकते. भुंकणे खरे असते, पण चोर आलेला नसतो. महिनोन्‌महिने दुखत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदू असेच दक्ष होतात. पूर्वी ज्या वाकण्याने काही वाटत नसे त्याने आता कळ येते. अपुरी झोप, कर्जाची चिंता, घरातली मारहाण, नोकरी जाण्याची भीती, उदासी, या सगळ्यांनी ही दक्षता वाढते. कुत्र्याला मारून ते शांत होत नाही. दूधवाला चोर नाही हे त्याला हळूहळू कळावे लागते. शरीरालाही थोड्या थोड्या, न घाबरता केलेल्या हालचालीतून हेच शिकवायचे असते.

दुसऱ्याचे दुखणे न मानण्याचा इतिहास मोठा आहे. नवजात बाळांना नीट वेदना कळतच नाहीत असे डॉक्टर मंडळी फार काळ समजत होती. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी बाळांची ऑपरेशने पुरेशी भूल न देता होत असत. के. जे. एस. आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे काम करून १९८७ साली दाखवून दिले की बाळांनाही वेदना होतात आणि नीट वेदनाशामक दिले तर ऑपरेशननंतर ती अधिक चांगली सावरतात.

अमेरिकेत २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काही विधाने दिली गेली. "काळ्या माणसांची कातडी जाड असते" अशी चुकीची विधाने त्यांत होती. निम्म्या जणांनी असे एक तरी विधान खरे मानले. आणि ज्यांनी ती खरी मानली त्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी धरली आणि उपचारही कमी बरोबर सुचवले. हे शिकलेल्या लोकांचे अज्ञान होते.

आपल्याकडे "तुमची कष्टाची अंगे, तुम्हाला सवय असते" हे वाक्य त्याच जातीचे आहे. कष्ट करणाऱ्याच्या नसा वेगळ्या नसतात. वेगळे असते ते एवढेच की, त्याला दुखत असतानाही कामावर जावे लागते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची आपली १९७९ ची व्याख्या सुधारली. त्यासोबत तिने स्पष्ट सांगितले आहे की, दुखते असे माणूस सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. आणि हे घरातही लागू आहे. सून कंबर धरून बसली तर "आमच्या वेळी असे नव्हते" म्हणणारी सासूही त्याच चुकीच्या समजुतीची वाहक असते.

नुसत्या माहितीने काय होते?

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९९७ ते १९९९ या काळात एक मोठी मोहीम झाली. कामगारांची नुकसानभरपाई पाहणाऱ्या सरकारी संस्थेने ऐन गर्दीच्या वेळी दूरदर्शनवर जाहिराती दिल्या, रेडिओवर दिल्या, रस्त्यावर फलक लावले. सांगणे एकच होते, पाठदुखीला घाबरून झोपून राहू नका, हालते राहा. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात अशी मोहीम नव्हती, म्हणून तुलना करता आली. व्हिक्टोरियात सामान्य लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती सुधारल्या. पाठदुखीपायी होणारे भरपाईचे दावे १५ टक्क्यांहून अधिक घटले.

हे वाचताना आपण सावधही असले पाहिजे. दावे कमी झाले म्हणजे तेवढ्याच प्रमाणात दुखणे कमी झाले असे म्हणता येत नाही, आणि दावे कमी होण्यात भरपाई देणाऱ्याचाही फायदा असतो. पुढे स्कॉटलंडमध्ये आणि कॅनडातील अल्बर्टा प्रांतात अशाच मोहिमा झाल्या. तिथे लोकांच्या समजुती बदलल्या, पण दुखण्यामुळे कामावरून होणारी गैरहजेरी किंवा दावे यांत फरक पडला नाही.

यातून आम्ही घेतलेला धडा असा. माहितीने भीती जाते, फुकटचा खर्च वाचतो आणि हालचाल सुरू होते. पण डोक्यावरचे ओझे माहितीने हलके होत नाही. ते हलके करावे लागते, घरातही आणि कामावरही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

पुढील खुणा असतील तर घरगुती उपाय करत बसू नये, दवाखाना गाठावा.

१. लघवी अडकणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, किंवा बसण्याच्या जागेची कातडी बधिर होणे. यात त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते.

२. एका किंवा दोन्ही पायांतली ताकद कमी होणे, चप्पल पायातून निसटणे, पाऊल ओढत चालणे.

३. कंबरदुखीबरोबर ताप, विशेषतः संध्याकाळी येणारा, वजन घटणे, रात्री घाम येणे. हा मणक्याचा क्षय असू शकतो. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

४. पडल्यावर, अपघातानंतर किंवा मारहाणीनंतर सुरू झालेले दुखणे. वयस्क माणूस किंवा स्टेरॉइड घेतलेला माणूस साधा घसरला तरी मणका मोडू शकतो.

५. पूर्वी कर्करोग झालेला असणे, किंवा कोणत्याही स्थितीत न थांबणारे, रात्री वाढत जाणारे दुखणे.

आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असेल तर त्याला वात किंवा गॅस समजू नये. तो हृदयविकार असू शकतो.

घरी आणि कामावर काय करावे?

दुखणे बघून नव्हे, घड्याळ बघून चालावे. आज दहा मिनिटे सहज चालता येत असेल तर रोज दहा मिनिटेच चालावे, दुखणे कमी असले तरी आणि थोडे जास्त असले तरी. तीन-चार दिवसांनी दोन मिनिटे वाढवावीत. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सगळ्या गोधड्या धुवायच्या आणि मग चार दिवस पडून राहायचे, हे टाळावे. हालचालीनंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरले तर घाबरण्याचे कारण नाही.

एका मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान कळश्या भराव्यात. पाणी भरणे हे एकट्या बाईचे काम नाही. घरातल्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी ते वाटून घ्यावे. धुणे-भांडी जमिनीवर वाकून करण्याऐवजी शक्य तिथे ओट्यावर किंवा उंच पाटावर बसून करावीत. झाडू आणि पुसण्याच्या काठीचा दांडा लांब असावा. एकच काम तासन्‌तास न करता मध्ये बदलावे. पोते दोघांनी मिळून उचलावे. लांब दांड्याचे झाडू, हातगाडी, वजन वाहायला दोन माणसे, या मागण्या एकट्याने केल्या तर कामचुकार म्हणतात. दहा जणांनी मिळून केल्या तर ऐकाव्या लागतात.

झोपेकडे दुर्लक्ष करू नये. दुखण्याने झोप जाते आणि झोप गेली की दुखणे वाढते. रात्री तंबाखू आणि दारूने वेदना विसरायला लागलो तर झोप आणखी बिघडते.

डॉक्टरांपुढे काय सांगायचे?

"खूप दुखते" एवढ्यावर थांबू नये. आपल्या मराठीत वेदनेला पुष्कळ शब्द आहेत, ते वापरावेत. चमक निघते, ठणकते, ठसठसते, आग होते, मुंग्या येतात, बधिर होते, कळ पायात उतरते. ठणका आणि ठसठस सुजेकडे बोट दाखवतात. आग, मुंग्या, बधिरपणा नसेकडे. दुखणे कधी सुरू झाले, कशाने वाढते, कशाने उतरते, रात्री जाग येते का, कोणत्या गोळ्या खाऊन झाल्या आणि कोणते काम आता जमत नाही, हेही सांगावे. "आधी दोन हंडे उचलत होते, आता तांब्या वाकून घेता येत नाही" हे वाक्य डॉक्टरांना शंभर वेळा "आई गं" म्हणण्यापेक्षा जास्त सांगून जाते. सांगून झाल्यावर विचारावे, मला धोक्याची खूण आहे का, कोणते काम मी करू शकतो आणि वजन कसे वाढवू?

हा लेख घरात ठेवून देऊ नका. विहारातील रविवारच्या बैठकीत किंवा महिला मंडळात तो मोठ्याने वाचून दाखवा. कारण ज्या आजीला सर्वांत जास्त दुखते, तिला बहुधा वाचता येत नाही. आणि दुखते म्हणून कुणी सांगू लागले तर आधी पूर्ण ऐकून घ्या. उपचाराची सुरुवात तिथूनच होते आणि त्याला एक पैसाही लागत नाही.